सीपॅप, बायपॅप आणि नावाचा घोळ

झोपेत श्वास अडकण्याचा आजार बळावला, तर १९८०पर्यंत खात्रीचा इलाज एकच होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. मग सिडनीच्या एका डॉक्टरांनी नाकावाटे सतत दाबाची हवा सोडली आणि रुग्णांचा घसा रात्रभर उघडा राहिला. पाच रुग्णांवरचा हा प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. तोच सीपॅप. दाब स्वतः कमी-जास्त करणारी ऑटो मशीन नव्वदच्या दशकात आली.

त्याच सुमारास बायपॅपही आलं आणि घोळ तिथून सुरू झाला. बायपॅप हे मुळात एका कंपनीचं व्यापारी नाव; प्रकाराचं नाव बायलेव्हल. श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी, एवढाच त्याचा अर्थ. पण करोनाच्या लाटांत ‘पेशंट बायपॅपवर आहे’ हे वाक्य घरोघरी पोचलं आणि बायपॅप म्हणजे सीपॅपचा मोठा भाऊ, अशी समजूत पक्की झाली. ती चुकीची आहे आणि खर्चातही पाडते. नुसता घसा मिटत असेल तर पहिली निवड सीपॅप किंवा ऑटो हीच. २०१९च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. बायलेव्हलची खरी गरज असते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो तेव्हा: अतिस्थूलपणामुळे श्वास उथळ होणं, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार), स्नायूंचे आजार. सीपॅपचा चढा दाब ज्यांना अजिबात सोसत नाही, त्यांनाही ते देतात. त्यातही काही मशीन रुग्णाने श्वास घेतला नाही तर स्वतः श्वास देतात, काही देत नाहीत. चिठ्ठीवर नुसतं ‘बायपॅप’ लिहिलं, तर यातलं काहीच कळत नाही.

मेंदूकडून श्वासाचा आदेशच चुकतो, अशांसाठी एएसव्ही, म्हणजे श्वासागणिक आधार कमी-जास्त करणारं मशीन, हा वेगळा प्रकार निघाला. २०१५च्या एका मोठ्या चाचणीत मात्र हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला बाहेर ढकललं जाणारं रक्त) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या अशा रुग्णांत त्याने हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचं दिसलं. त्यामुळे अशा रुग्णांत ते सहसा टाळतात.

जून २०२१मध्ये, बायपॅप हे नाव जिच्या मालकीचं, त्याच कंपनीने लाखो मशीन परत मागवली. आवाज दाबण्यासाठी घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. परत मागवलेल्यांत सीपॅपही होती, बायपॅपही. २०२४पासून त्या कंपनीने अमेरिकेत झोपेच्या आजाराची नवी मशीन विकणं थांबवलं. आपल्याकडे दुसऱ्या कंपनीच्या बायलेव्हललाही आजही सगळे बायपॅपच म्हणतात.