सीआर१ की आयआर१? ठरतं ते अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी

अमेरिकन नागरिक जोडीदारासाठी करतो तो आय-१३० हा अर्ज पुण्यातून भरा, दुबईतून भरा नाहीतर न्यू जर्सीतून. ‘सीआर१ हवा की आयआर१’ असा रकाना त्यात कुठेच नाही. तरी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या इमिग्रंट व्हिसाची (सीआर१ आणि आयआर१ हे त्याचेच दोन प्रकार) तयारी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की आम्ही यातल्या कशासाठी अर्ज करायचा? कुणीतरी सांगितलेलं असतं की आयआर१ ‘पक्का’ आणि सीआर१ ‘कच्चा’. मग पक्का मिळावा म्हणून लोक अर्जच लांबवतात. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही व्हिसा अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारासाठीच आहेत. (ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचा एफ२ए हा प्रवर्ग वेगळा. त्याला वार्षिक मर्यादा आहे, दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघत बसावं लागतं. तो इथे बाजूला ठेवू.) नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा नाही. सीआर१ आणि आयआर१ यांचा अर्ज एक, फी एक, रांग एक, मुलाखतीची खिडकीही एकच. फरक फक्त लग्नाच्या वयाचा. अमेरिकेत कायम रहिवासी म्हणून प्रवेश मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर दर्जा सशर्त मिळतो, तो सीआर१. झालेली असतील तर बिनशर्त, तो आयआर१. अर्ज कधी भरला, मंजूर कधी झाला, मुलाखत कधी झाली, यातल्या कशानेही हे ठरत नाही.

ही अट १९८६ च्या कायद्याने आली. केवळ ग्रीन कार्डासाठी केलेली लग्नं रोखायची हा तिचा हेतू. नव्या लग्नाला सरकार दोन वर्षांची मुदत देतं आणि त्यानंतर पुन्हा एकदा कागद तपासतं. तुमच्यावर संशय आहे म्हणून सीआर१ दिला, असा याचा अर्थ नाही. लग्न नवं आहे, इतकंच.

आता कोणत्या लग्नाची तारीख धरायची? महाराष्ट्रात इथेच गल्लत होते. आपल्या विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, एक विवाह झाल्याची आणि दुसरी नोंदणीची. १९९८ च्या राज्य कायद्याखाली किंवा हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी केली असेल तर ती आधीच झालेल्या लग्नाची नोंद असते. त्यामुळे दोन वर्षं मोजायची ती विवाहाच्या तारखेपासून. लग्न मे महिन्यात झालं आणि पालिकेत नोंदणीला डिसेंबर उजाडला, तरी मे हीच तारीख. विशेष विवाह कायद्याचं, म्हणजे आपण ज्याला ‘रजिस्टर्ड लग्न’ म्हणतो त्याचं, गणित निराळं. तिथे तीस दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या होतात, तोच विवाह. सहा महिन्यांनी हॉलमध्ये वाजतगाजत विधी केले, तरी घड्याळ सह्यांच्या दिवशीच सुरू झालेलं असतं. त्यामुळे आय-१३० मध्ये एक तारीख, डीएस-२६० या व्हिसा अर्जात दुसरी आणि लग्नपत्रिकेवर तिसरी, असं होऊ देऊ नका.

आणखी एक धोका आहे. व्हिसाच्या घाईत काही जोडपी विधी न करता नुसतं हिंदू विवाहाचं नोंदणी प्रमाणपत्र मिळवतात आणि खरं लग्न सवडीने करू म्हणतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली आवश्यक विधी झालेच नसतील, तर केवळ प्रमाणपत्राने विवाह वैध ठरत नाही. लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध आहे का, हे अमेरिका पाहते. तेव्हा असं प्रमाणपत्र पायाच कच्चा ठेवतं, मग पुढे सीआर१ काय आणि आयआर१ काय. विधींना वेळ नसेल तर विशेष विवाह कायद्याचा रस्ता सरळ आहे.

नागरिक असलेला जोडीदार स्वतःही भारतातच राहत असेल, तर अर्ज इथूनच ऑनलाइन करता येतो. पूर्वी यूएससीआयएस या अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या परदेशांतल्या कार्यालयांत, नवी दिल्लीतही, आय-१३० देता यायचा. १ फेब्रुवारी २०२० पासून ती सोय बंद झाली. दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आता फक्त अपवादात्मक परिस्थितीत हा अर्ज घेतात. एप्रिल २०२४ च्या दरांनुसार ऑनलाइन अर्जाचे ६२५ डॉलर, कागदी अर्जाचे ६७५. परदेशात असलेल्या जोडीदाराची माहिती आय-१३०ए मध्ये भरावी लागते, त्यावर त्याची सही मात्र लागत नाही. मंजुरी मिळाली की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर, मग डीएस-२६०, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवा केंद्रातून काढलेलं पीसीसी, म्हणजे पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र. शेवटी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत. मुंबईला मुलाखत असेल तर ती वांद्रे-कुर्ला संकुलात.

इथून अर्ज करणाऱ्यांनी खरी काळजी करावी ती आय-८६४ या हमीपत्राची. त्याबद्दल मात्र फार कमी लोक विचारतात. हमी देणाऱ्याचं कायम वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं. पाच-सात वर्षं पुण्यात संसार केलेल्या नागरिकाला दाखवावं लागतं की तो तिकडे खरोखर परततो आहे आणि जोडीदार पोचेल त्या दिवसापर्यंत, म्हणजे आधी किंवा बरोबरच, तिथे स्थिरावतो आहे. नोकरीचं पत्र, भाड्याच्या घराचा करार, मुलांचा शाळाप्रवेश, चालू बँक खातं, मतदार नोंदणी, असे कागद इथे कामी येतात. उत्पन्न गरिबी रेषेच्या मार्गदर्शक आकड्याच्या १२५ टक्के तरी हवं. भारतातला पगार त्यात धरला जातो तो एकाच परिस्थितीत, अमेरिकेत गेल्यावरही तोच मालक तो देत राहणार असेल तर. उत्पन्न कमी पडलं तर भाऊ, मामा, मित्र असा कुणीही सहहमीदार चालतो. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा आणि तिथे राहणारा असावा. पण अर्ज करणाऱ्या नागरिकाच्या वास्तव्याची उणीव सहहमीदार भरून काढू शकत नाही. आणि परदेशात राहिलो म्हणून विवरणपत्रं भरली नाहीत, हे कारण चालत नाही. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असेल तर नागरिकाला जगात कुठूनही अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं. ती कामं मुलाखतीच्या आदल्या महिन्यावर टाकू नका.

अर्ज इथून करणाऱ्यांमध्ये आयआर१ जास्त का दिसतो, तेही यातूनच कळतं. ती जोडपी आधी इथे एकत्र राहिलेली असतात, नंतर जायचं ठरवतात. तोवर दोन वर्षं उलटून गेलेली असतात. लग्न करून लगेच अर्ज टाकणाऱ्यांच्या वाट्याला सीआर१ येण्याची शक्यता जास्त.

मधल्यांचं काय? समजा लग्न १० डिसेंबर २०२३ चं. व्हिसा ऑक्टोबर २०२५ मध्ये हातात आला. त्या दिवशी दोन वर्षं झालेली नाहीत, म्हणून व्हिसावर प्रवर्गाच्या जागी सीआर१ छापलेलं असतं. पण इमिग्रंट व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत वैध असतो. वैद्यकीय तपासणीची मुदत आधी संपत असेल तर त्याहून कमी. व्हिसावरची तारीख मार्चपर्यंतची असेल आणि नोकरी, शाळा, घर यातलं काही अडत नसेल, तर डिसेंबरच्या मध्यानंतरचं तिकीट काढणं पूर्णपणे नियमात बसतं. दोन-चार दिवसांची मोकळीक ठेवा, विमान उशिरा सुटलं म्हणून बिघडत नाही, पण लवकरचं तिकीट मात्र हिशोब बिघडवतं. विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट देतानाच सांगायचं, ‘आमच्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली आहेत, प्रवर्ग आयआर१ करावा’, आणि विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत पुढे करायची. ती प्रत चेक-इन केलेल्या बॅगेत टाकू नका. अबू धाबीमार्गे जाणार असाल तर अमेरिकन तपासणी तिथेच होते, म्हणजे हे बोलणंही तिथेच. शिक्का बसल्यावर काउंटर सोडण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. चुकून सीआर१ राहिलंच आणि कार्ड तसं आलं, तर दुरुस्तीसाठी आय-९० हा अर्ज आहे, पण त्यात वेळ जातो. काउंटरवरचं अर्धं मिनिट स्वस्त पडतं.

माझं स्पष्ट मत: तिकीट काही आठवडे पुढे ढकलणं ठीक, अर्ज वर्षभर लांबवणं चुकीचं. सीआर१ वर पोचलेल्या माणसालाही पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, देशाबाहेर जाऊन परत येता येतं, कर आणि सोशल सिक्युरिटीच्या बाबतीत काही उणं नसतं. नवराबायकोने दूर राहून ‘पक्क्या’ कार्डाची वाट पाहावी एवढा हा फरक मोठा नाही. कार्ड घरी येण्यासाठी प्रवासाआधी २३५ डॉलरची इमिग्रंट फी सीआर१ आणि आयआर१ दोन्हींत भरावी लागते. कार्ड येईपर्यंत शिक्का बसलेला व्हिसाच एक वर्षभर तात्पुरतं ग्रीन कार्ड म्हणून चालतो.

खरा फरक पुढे सुरू होतो. आयआर१ चं कार्ड दहा वर्षांचं. त्याची मुदत संपली तर कार्ड जुनं होतं, दर्जा जात नाही. सीआर१ चं कार्ड दोन वर्षांचं, आणि त्याच्या तारखेबरोबर दर्जाही संपतो. म्हणून ती तारीख येण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे दर्जावरची अट काढून टाकण्याचा अर्ज, भरायचा असतो. फी ७५० डॉलर. सोबत एकत्र संसाराचे पुरावे: दोघांच्या नावाचा घरभाडे करार, संयुक्त बँक खातं, विम्याची कागदपत्रं, एकत्रित कर विवरणपत्रं, मुलांचे जन्मदाखले. अर्ज पोचल्याची जी पावती येते, ती जानेवारी २०२३ पासून जुन्या कार्डाची वैधता ४८ महिन्यांनी वाढवते. प्रवासात जुनं कार्ड आणि ती पावती दोन्ही जवळ हवीत. पत्ता बदलला तर दहा दिवसांत यूएससीआयएसला कळवा, नाहीतर पावती जुन्या घरी जाऊन पडते.

आता जे लिहितोय ते सीआर१ वर जाणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी नीट वाचावं. ‘मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल’ हे वाक्य काही घरांत धमकी म्हणून वापरलं जातं. ते खरं नाही. जोडीदाराची सही नसतानाही आय-७५१ एकट्याने भरता येतो: लग्न प्रामाणिकपणे केलं होतं पण घटस्फोट झाला, लग्न प्रामाणिक होतं पण छळ किंवा मारहाण झाली, किंवा परत पाठवल्यास अतोनात हाल होतील, अशा कारणांवर. जोडीदाराचा मृत्यू झाला तरीही. अशा अर्जाला ९० दिवसांच्या खिडकीची वाट पाहावी लागत नाही. छळाच्या प्रकरणात अमेरिकेत कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याची तरतूद आहे, नवऱ्याला विचारून वा कळवून काही होत नाही. आणि आय-८६४ वर केलेली सही घटस्फोटाने रद्द होत नाही. ती जबाबदारी संपते ती हमी मिळालेली व्यक्ती नागरिक झाल्यावर, तिच्या खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्यावर, तिने देश कायमचा सोडल्यावर किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यावर. स्वतःच्या पासपोर्टची, कार्डाची, विवाह प्रमाणपत्राची आणि संयुक्त कागदांची एक प्रत माहेरी किंवा फक्त आपल्याला उघडता येईल अशा ईमेलमध्ये ठेवावी. संसार सुखाचा असला तरी ठेवावी.

जोडीदाराला आधीच्या लग्नापासून मूल असेल तर त्याचा वेगळा आय-१३० लागतो. आईच्या अर्जात ते आपोआप येत नाही, आणि सावत्र नातं धरलं जाण्यासाठी हे लग्न मूल अठरा वर्षांचं होण्याआधी झालेलं असावं लागतं. त्याचा प्रवर्गही आईसारखाच ठरतो, सीआर२ किंवा आयआर२. आईबरोबर किंवा तिच्यानंतर ९० दिवसांच्या आत पोचलेल्या मुलाला तिच्याच आय-७५१ मध्ये घेता येतं.

नागरिकत्वाच्या बाबतीत सीआर१ आणि आयआर१ पुन्हा एका रांगेत येतात. नागरिक जोडीदाराबरोबर प्रत्यक्ष संसार चालू असेल आणि तो स्वतः तीन वर्षं नागरिक असेल, तर ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी अर्ज करता येतो, आणि सीआर१ वरची सशर्त वर्षं त्यात पूर्ण धरली जातात. अर्ज ९० दिवस आधीही चालतो. आय-७५१ चा निकाल तोवर लागला नसेल तरी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. पण या तीन वर्षांत वेगळे झालात तर ही सवलत जाते आणि इतरांसारखी पाच वर्षं मोजावी लागतात, मग कार्ड आयआर१ चं असो वा सीआर१ चं.