सेल्फची बॅटरी वेगळी, घराची बॅटरी वेगळी

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन तिचं फिरतं घर करणारे लोक आता मराठवाड्यातही बरेच दिसतात. कुणी घरच्यांना घेऊन फिरायला, कुणी पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघणाऱ्या दिंडीच्या सोयीसाठी, कुणी निवृत्तीनंतर दोघांनीच देश बघायला. आतलं काम मन लावून केलेलं असतं. घडीचा पलंग, स्टीलचं सिंक, छताला पंखा, कोपऱ्यात फ्रिज. आणि या सगळ्याला वीज कुठून, असं विचारलं की सीट उचलून ट्रकची बॅटरी दाखवतात. "दीडशे एएचची (ॲम्पियर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आहे, पुरून उरते." पुरत नाही. दोन-तीन महिन्यांत ती बसते, मग बॅटरीवाल्याला शिव्या, मग पुन्हा तीच बॅटरी नवी. हाच घोळ पुन्हा पुन्हा बघून कंटाळलो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सेल्फची बॅटरी सगळ्यांना माहीत आहे. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकल, सगळीकडे तीच. चावी फिरवली की सेल्फ मारते, इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला परत भरतो. पाणी बघायचं, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवायचा, वर पेट्रोलियम जेली लावायची. यापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घराची बॅटरी म्हणजे गाडी उभी असताना दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप चालवणारी. दोन्ही १२ व्होल्टच्या, दोघींवर एएच लिहिलेलं, बरेचदा डबाही सारख्याच मापाचा. म्हणून लोक समजतात की फरक फक्त लहान-मोठ्याचा आहे. खरा फरक एकच आहे, आणि तो आकाराचा नाही. बॅटरी किती खोलवर रिकामी करायची, याचा आहे.

हिशेब करून बघू. डिझेल गाडीचा सेल्फ साधारण ३०० ॲम्पियर ओढतो असं धरा, आणि दोन सेकंदांत इंजिन पकडतं. म्हणजे बॅटरीतून गेले जेमतेम ०.१७ एएच. शंभर एएचच्या बॅटरीला हे कळतही नाही. आता रात्रीचं घर बघा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ५० वॅट घेतो आणि मे महिन्यात निम्मा वेळ तरी चालतोच. संध्याकाळी सात ते सकाळी आठ, झाले सव्वातीनशे वॅट-तास. ३० वॅटचा पंखा नऊ तास, २७० वॅट-तास. दिवे, मोबाईल, पंप मिळून आणखी ७०-८०. एकूण पावणेसातशेच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टला ५५ एएच. सेल्फ मारायला लागतात त्याच्या तीनशे पटींहून जास्त, आणि हे रोज रात्री.

हे सोसणं न सोसणं आतल्या प्लेटांवर ठरतं. भंगारवाल्याकडे फोडलेली सेल्फची बॅटरी मिळाली तर जरूर बघा. हात मात्र लावू नका, आत ॲसिड असतं. प्लेटा पातळ आणि एकीला एक खेटून भरपूर बसवलेल्या दिसतील. पातळ आणि पुष्कळ यासाठी, की शिशाचा पृष्ठभाग जितका जास्त तितका प्रवाह एका झटक्यात बाहेर पडतो. पण बॅटरी खोलवर रिकामी झाली की प्लेटेवरचा लेप फुगतो, भरताना आकसतो, आणि पातळ प्लेटेवरून तो सुटायला लागतो. मेलेल्या बॅटरीच्या तळाशी तपकिरी गाळ साचलेला असतो ना, तो हाच लेप. ट्युब्युलर बॅटरीत, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात तिच्यात, धन बाजूच्या जाड काड्यांभोवती लेप भरून त्यावर विणलेल्या नळ्यांचं आवरण असतं. लेप फुगला तरी नळीबाहेर पडत नाही. म्हणून ती खोल उपसा झेलते, पण एका क्षणात तीनशे ॲम्पियर देणं तिचं काम नव्हे. शंकरपटात पळणाऱ्या बैलाला कुणी दिवसभर नांगराला जुंपत नाही.

आयुष्याचा अंदाज असा. सेल्फची बॅटरी रोज निम्म्याहून खाली नेली तर काही डझन वेळा साथ देते, फार तर शंभर. चांगली ट्युब्युलर निम्म्यापर्यंतच वापरली तर हजाराच्या पुढे जाते. लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, ८० टक्के उपसूनही दोन-तीन हजार वेळा सहज.

आता एएचकडे या, कारण फसगत इथेच होते. छापलेला आकडा आणि हाताशी येणारी वीज या दोन गोष्टी आहेत. १५० एएचची ट्युब्युलर निम्मीच वापरायची, म्हणजे हाताशी ७५. शंभर एएचच्या लिथियममधून ८० बेधडक घ्या. १५० एएचच्या ट्रकच्या बॅटरीतून रोज १५-२० पेक्षा जास्त घ्यायला मी सांगणार नाही. मोठा आकडा, सगळ्यात कमी वीज. शिवाय तो आकडा किती तासांच्या हिशेबाने काढलाय, हेही बघा. सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर, सी-१० म्हणजे दहा तासांत. सोलरसाठीच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-१० असतं, म्हणून सी-१० ची दीडशे ही सी-२० च्या दीडशेपेक्षा खरोखर मोठी. कितीच्या हिशेबाने, असं विचारल्यावर जो दुकानदार गडबडतो, त्याच्याकडून घराची बॅटरी घेऊ नका. काही बॅटऱ्यांवर सीसीए हा आकडा मोठ्या अक्षरात असतो. उणे १८ अंशांत ३० सेकंद किती ॲम्पियर मिळतील, हे तो सांगतो. घराच्या बॅटरीसाठी तो बघायचं कारणच नाही.

याला जोडूनच एक समज आहे, जो मला सगळ्यात जास्त खटकतो: "इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, बॅटरीला काही होत नाही." साधारण इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतो. शिशाची बॅटरी, मग ती सेल्फची असो की ट्युब्युलर, तोवर पूर्ण रिकामी झालेली असते. ती लक्ष्मणरेषा इन्व्हर्टरसाठी आहे, बॅटरीसाठी नाही. शिशाच्या बॅटरीचं खरं मोजमाप सकाळी फ्रिज-पंखा बंद करून, थोडा वेळ थांबून, मल्टिमीटरने घ्यायचं. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली दिसलं की काल रात्री तुम्ही तिचं आयुष्य खर्च केलं. लिथियमला हा उपाय चालत नाही, कारण निम्मी असो की पाऊण, व्होल्टेज १३.२ च्या आगेमागेच दिसतं. तिला शंटवाला मॉनिटरच हवा, जो आत गेलेले आणि बाहेर आलेले ॲम्पियर मोजतो. पैसे वाचवायचे असतील तर पडद्यांच्या कापडात वाचवा, मॉनिटरमध्ये नको.

मग घरातला ट्युब्युलर इन्व्हर्टरच गाडीत का टाकू नये? भारनियमनात वर्षानुवर्षं तो वापरलाय, घराघरात आहे, त्यामुळे हा विचार येणारच. वीज देण्याच्या बाबतीत तो चालेल. पण ती उंच बॅटरी पन्नास-साठ किलोची, ॲसिड आत मोकळं, आणि आपले रस्ते माहीत आहेतच. शिवाय भरताना ती हायड्रोजन सोडते. हवेत हा वायू ४ टक्के झाला की एका ठिणगीने पेट घेतो. घरात ती जिन्याखाली असते. इथे पलंगाखाली, खिडक्या बंद करून माणसं झोपलेली असतात. दिंडीसारख्या वर्षातून एकदाच्या कामाला ती वापरायचीच असेल, तर बाहेरच्या बाजूने उघडणाऱ्या, हवा खेळणाऱ्या पेटीत पट्ट्याने घट्ट बांधून ठेवा. झोपायच्या जागेत मोकळ्या ॲसिडची बॅटरी ठेवायला माझा ठाम नकार आहे. आणि पाणी डिस्टिल्डच घाला. आरओचं पाणी गोड लागलं तरी त्यात क्षार असतात, बोअरचं तर विचारूच नका.

गाडीत राहायचं, महिन्यातून चार रात्री का होईना, तर माझी पसंती सरळ लिथियमला. शंभर एएचची बॅटरी दहा-तेरा किलोची, म्हणजे वजनातच चाळीस-पन्नास किलो वाचले. दुसरं कारण महत्त्वाचं आहे. शिशाची बॅटरी शेवटचे वीस टक्के भरायला तासन्‌तास घेते. प्रवासात तेवढा वेळ मिळत नाही, ती कायम अर्धवट भरलेली राहते आणि प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. लिथियमला अर्धवट राहण्याचं काही दुःख नाही. ती बॉनेटखाली मात्र नको, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत पत्र्याला लागूनही नको. चार्जिंगला तापमानाची वरची मर्यादा असते, कंपनीच्या कागदावर ती साधारण ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान दिसेल. नांदेड-परभणीच्या मे महिन्यात दुपारी बंद गाडीत तेवढं सहज होतं. ती मर्यादा गाठली की आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, चार्जिंग तोडतो आणि लोक समजतात सोलर बिघडलं. शून्याखालीही ती चार्ज करायची नसते, पण त्याची काळजी लेह-स्पितीला निघालात तरच.

दोन बॅटऱ्या ठेवायच्या हे पटलं, की पुढची चूक म्हणजे दोन्ही एका वायरने कायमच्या जोडणं. मग रात्री फ्रिज दोन्ही रिकाम्या करतो आणि सकाळी अंबाजोगाईच्या घाटात गाडी धक्क्यावर. वेगळं ठेवण्याचा उद्देशच हा, की घर अंधारात गेलं तरी इंजिन सुरू झालं पाहिजे. मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले लावायची जुनी पद्धत आहे. साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. जुन्या गाडीला आणि शिशाच्या बॅटरीला तो ठीक. पण बऱ्याच नव्या बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मधेच व्होल्टेज खाली आणतो, आणि रिले सारखा तुटत-जोडत राहतो. लिथियम असेल तर ती एवढा प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून नव्या गाडीत डीसी-डीसी चार्जरच, म्हणजे अल्टरनेटरची वीज ठरावीक प्रवाहानेच घराच्या बॅटरीला देणारा. तीस ॲम्पियरचा घेतला तर संभाजीनगरहून बीड-धाराशिवमार्गे तुळजापूर गाठेपर्यंत शंभर एएचची लिथियम रिकामी असली तरी भरून होते. त्याची वायर जाड घ्या. बॅटऱ्या सहा मीटर अंतरावर असतील तर ३० ॲम्पियरला ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन एक व्होल्ट हरवतो, १६ च्या वायरीत ०.४ सुद्धा नाही. आणि फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ. एकाच टोकाला लावलेला फ्यूज अर्धंच काम करतो, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते.

छतावरच्या सोलरबद्दल थोडक्यात. तीनशे वॅटचं पॅनल उन्हाळ्यात वरचा सगळा दिवसाचा खर्च भागवतं, पावसाळ्यात निम्मंही धरू नका. पॅनल तापलं की उत्पादन घटतं, म्हणून पत्र्याला चिकटवू नका, खालून हवा जाऊ द्या.

शेवटचा मुद्दा उभ्या गाडीचा, कारण यातल्या बहुतेक गाड्या वर्षातला बराच काळ वाड्यात नाहीतर शेडमध्ये उभ्याच असतात. इथे दोन्ही बॅटऱ्यांचे नियम उलटे आहेत. सेल्फची शिशाची बॅटरी पूर्ण भरूनच ठेवायची, कारण रिकामी राहिली की सल्फेट धरते. लिथियम उलट, निम्मी ते साठ टक्क्यांवर ठेवून तिचा स्विच बंद करायचा. महिनोन्‌महिने काठोकाठ भरलेली, तीही उन्हाळ्यात, तिला मानवत नाही. सोलर घराच्याच बॅटरीला जोडलेलं असतं, त्यामुळे उभ्या गाडीत आधी सेल्फची बॅटरी बसते. गाडीचं घड्याळ, अलार्म, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थोडी थोडी वीज खातच असतात. तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, किंवा सेल्फच्या बॅटरीसाठी वेगळी बारीक लाईन असलेला सोलर कंट्रोलर घ्या. थोडा महाग पडतो, पण आषाढीच्या आधी गाडी बाहेर काढताना चावी फिरवली की इंजिन लागतं.