पडद्यावरचा हादरा: छोट्या विमानाचा टर्ब्युलन्स सिम्युलेटरमध्ये कसा आला

भर दुपारी चार आसनी सेस्ना १७२ धावपट्टीकडे उतरते आहे. उंची दीडशे मीटर. खालचं नांगरलेलं शेत तापलेलं असतं, त्यावरून जाताना विमान कुणीतरी खालून हात लावल्यासारखं वर उचललं जातं. शेत संपून झाडी लागली की ते तसंच खाली बसतं. या दोन्हींच्या सीमेवर डावा पंख आधी वर जातो, उजवा मागून. पट्टा खांद्यात रुततो, मांडीवरचा नकाशा घसरतो, वेगाचा काटा थरथरतो आणि वैमानिकाचा हात योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, आधीच हललेला असतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होऊन जातं.

उड्डाणाची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये हे हादरे, म्हणजेच टर्ब्युलन्स, कितपत खरे उतरतात, हा प्रश्न घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्यालाही पडतो आणि प्रशिक्षणार्थी वैमानिकालाही. त्याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, कारण सिम्युलेटरमधला टर्ब्युलन्स ज्या गणितातून आला, ते गणित छोट्या विमानात बसलेल्या माणसासाठी मांडलेलंच नव्हतं.

सुरुवात मात्र अगदी माणसाच्या हातांनी झाली. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानासाठी एक साधन बनवलं होतं. पिंप कापून केलेले दोन अर्धे भाग एकावर एक बसवलेले, वरच्या भागात शिकाऊ वैमानिक, आणि बाहेर उभे राहून ते डगमगवणारे सहकारी. समोरची आडवी पट्टी क्षितिजाशी जुळवून ठेवायची, एवढंच त्याचं काम. वाऱ्याचा झोत म्हणजे मित्राच्या दंडातली ताकद. एका गोष्टीत हे साधन पुढच्या कित्येक यंत्रांपेक्षा सरस होतं: पुढचा धक्का कधी आणि कुठून येणार, याचा अंदाज बांधता येत नसे.

१९२९ मध्ये एडविन लिंक यांनी अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनमध्ये आपला ट्रेनर तयार केला. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, त्यामुळे हवेचे भाते आणि झडपा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. त्याच भात्यांवर त्यांनी छोटं कॉकपिट बसवलं. आधी ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीचं साधन म्हणून चाललं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर हवाई टपालाचं काम आलं. खराब हवामानात एकामागून एक अपघात झाले, आणि त्यानंतर लष्कराने सहा ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात शिकले. या ट्रेनरमध्ये खडबडीत हवेची सोय होती. भात्यांतला दाब अनियमितपणे बदलला की विद्यार्थ्याने काही न करताच डबा हेलकावे खाई. पण त्याचा हेतू समजून घ्यायला हवा. डोळ्यांवर झाकण असताना, फक्त उपकरणं बघून विमान सरळ ठेवता येतं का, हे तपासायचं होतं. हवा खरी वाटते का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारतच नव्हतं.

तो प्रश्न दुसऱ्याच वाटेने पुढे आला. अमेरिकेत नाका ही वैमानिकी संशोधन समिती १९१५ मध्ये स्थापन झाली. तिचा पहिल्या क्रमांकाचा अहवालच झोतांमध्ये विमान कसं वागतं यावर होता, जेरोम हन्सेकर आणि एडविन बिडवेल विल्सन यांनी लिहिलेला. विमानविद्येचं शास्त्र ज्या प्रश्नांपासून सुरू झालं, त्यांत हादऱ्यांचा प्रश्न अगदी पुढे होता, हे मला फार बोलकं वाटतं. मात्र नंतरच्या दशकांत अभियंत्यांना सगळ्यात जास्त काळजी होती पंख तुटण्याची. म्हणून झोताला एक सोपा आकार दिला गेला. शून्यापासून हळूहळू वाढणारा, माथ्यावर पोहोचून तसाच ओसरणारा एकच एक फुगवटा. छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमांत हाच झोत पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ पट लांबीचा धरला आणि क्रूझच्या, म्हणजे नेहमीच्या सरळ उड्डाणाच्या, वेगाला तो सेकंदाला ५० फुटांचा असेल असं मानलं. पंखाची ताकद ठरवायला हे उत्तम. पण अशा एकसारख्या फुगवट्यांची माळ म्हणजे दुपारची हवा नव्हे.

हवेतला गोंधळ गणितात पकडायचा तर झोत एकेकटे मोजून भागत नाही, त्यांची गर्दी मोजावी लागते. १९३० च्या दशकात जेफ्री इंग्राम टेलर यांनी टर्ब्युलन्सकडे सांख्यिकीच्या नजरेने बघायला सुरुवात केली. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान आणखी लहान, आणि ऊर्जा या उतरंडीवरून खाली झिरपते. तिचा नियम आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये दिला. ह्यू ड्रायडन आणि थिओडोर फॉन कारमान यांच्या नावाची सूत्रं याच काळातली. कोणत्या आकाराच्या भोवऱ्यात किती जोर असतो, ते ही सूत्रं सांगतात. फॉन कारमानचं सूत्र प्रत्यक्ष मोजमापांशी जास्त जुळतं, ड्रायडनचं संगणकाला सोपं पडतं. यादृच्छिक आकडे घ्यायचे, ठरलेल्या गाळणीतून काढायचे, की पलीकडे वारा तयार. अमेरिकी लष्कराच्या उड्डाण-गुणवत्तेच्या मानकांत ही दोन्ही सूत्रं आली आणि तिथून ती जगभरच्या सिम्युलेटरांत पोहोचली. जेएसबीसिम या मुक्त-स्रोत उड्डाण-प्रारूपातही लष्करी मानकावर आधारलेला टर्ब्युलन्स निवडता येतो.

छोट्या विमानाची खरी अडचण इथूनच सुरू होते. जमिनीपासून हजार फुटांच्या आतल्या हवेसाठी या मानकात उभ्या झोताचा जोर थेट वाऱ्याच्या वेगावरून काढतात. जमिनीपासून २० फुटांवर जो वारा असेल, त्याचा एक दशांश. हलक्या टर्ब्युलन्ससाठी तो वारा १५ नॉट (ताशी सागरी मैल), मध्यमसाठी ३०, तीव्रसाठी ४५. वादळी दिवसाला हे शोभतं. पण वारा पडलेला आणि ऊन रणरणतं असलेल्या दुपारी सूत्र सांगतं की हवा जवळजवळ स्थिर आहे, आणि छोट्या विमानाच्या वैमानिकाला त्याच दुपारी सगळ्यात जास्त हादरे बसतात. तापलेल्या जमिनीवरून उठणारे गरम हवेचे झोत, म्हणजे थर्मल, या हिशेबात नाहीतच. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणाऱ्यांचं सगळं उड्डाणच थर्मलवर चालतं, म्हणून ते आधी जागे झाले. २००५ मध्ये आलेल्या काँडॉर या ग्लायडर सिम्युलेटरमध्ये थर्मल आणि डोंगरउतारावरून वर चढणारा वारा हाच खेळाचा गाभा आहे.

दुसरी अडचण वजनाची. सेस्ना १७२ च्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ७० किलो भार असतो, मोठ्या जेट विमानात त्याच्या दहापट. सेकंदाला ३ मीटर वेगाने वर येणाऱ्या झोतात ११० नॉटवरची सेस्ना शिरली, तर आत बसलेल्याला गुरुत्वाच्या जवळपास निम्म्या जोराचा धक्का बसतो. उंचावरून जाणाऱ्या जेटमध्ये त्याच झोताने चहाचा कप जेमतेम हिंदकळेल. विमानाचं वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ नीट दिलेलं असेल तर हा फरक सिम्युलेटर आपोआप दाखवतो.

तो चुकतो भलत्याच ठिकाणी. बरीच साधी प्रारूपं झोत विमानाच्या एकाच बिंदूवर लावतात. मग अख्खं विमान लिफ्टसारखं वरखाली होतं. प्रत्यक्षात ११ मीटर लांबीच्या पंखाच्या दोन टोकांना वेगवेगळी हवा लागते आणि विमान कुशीवर कलतं. कलत्या विमानाला सावरणं हेच तर वैमानिकाच्या हाताचं अर्धं काम. मानकात यासाठी वेगळी सूत्रं आहेत, टोरांटोचे बर्नार्ड एटकिन यांनी यावर मूलभूत काम केलं आहे. तरी ही पायरी पुष्कळदा गाळली जाते. १९९५ च्या सुमारास आलेल्या एक्स-प्लेनने पंखाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरचं बल वेगळं काढायची पद्धत घरगुती संगणकावर आणली. अशा रचनेत प्रत्येक तुकड्याला स्वतःचा वारा देण्याची वाट तरी मोकळी राहते.

तिसरी तक्रार खुद्द वैमानिकांची, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. १९६० आणि ७० च्या दशकांत संशोधन-सिम्युलेटरांत बसलेले वैमानिक सांगत की हा टर्ब्युलन्स खरा वाटत नाही, फार एकसुरी आहे. आकडे तर बरोबर होते! सरासरी बरोबर, जोर बरोबर, फक्त सगळं एका लयीत. खरी हवा ठिगळाठिगळांची असते: बराच वेळ शांत, मग अचानक चार-पाच सणसणीत हादरे, पुन्हा शांत. त्यावरून ठिगळांचा टर्ब्युलन्स तयार करण्याच्या रीती निघाल्या. यादृच्छिक मालिका एकमेकींशी गुणून शांत आणि खवळलेले पट्टे तयार करायचे, ही त्यांतलीच एक.

मोठ्या विमानांच्या सिम्युलेटरांना पैसा आणि लक्ष मिळालं ते अपघातांमुळे. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला ईस्टर्न ६६ आणि १९८५ मध्ये डॅलसला डेल्टा १९१ ही विमानं उतरताना वादळाखालच्या झोतांत सापडून कोसळली. त्यानंतर विंडशिअरचं, म्हणजे वाऱ्याचा वेग-दिशा अचानक बदलण्याचं, प्रशिक्षण सिम्युलेटरमध्ये आलं आणि त्याने जीव वाचवले. उलटी बाजूही घडली. १२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन ५८७ हे विमान पुढच्या जंबोच्या मागे उरलेल्या भोवऱ्यांत शिरलं, सहवैमानिकाने रडरचे (उभ्या शेपटावरच्या वळणाऱ्या पट्टीचे) पेडल आलटूनपालटून जोरात दाबले, उभं शेपूट तुटलं आणि २६५ माणसं गेली. तपासात इतर कारणांबरोबर प्रशिक्षणाचाही भाग निघाला. सिम्युलेटरमधल्या सरावात अशा भोवऱ्याने विमान ९० अंशांपलीकडे कलंडत असे आणि सुरुवातीला नियंत्रणांचा परिणाम मुद्दाम रोखून धरलेला असे. खऱ्या विमानाचं वागणं तसं नव्हतं. हादरा जास्त दाखवला म्हणजे वैमानिक जास्त तयार होतो, ही समजूत त्या दिवसानंतर टिकायला नको होती.

आता घरच्या खुर्चीकडे येऊ. ब्रूस आर्टविक यांचं पहिलं फ्लाइट सिम्युलेटर ॲपल २ वर आलं, १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टची आवृत्ती आली, आणि २०२० च्या आवृत्तीत डोंगरावरून वळणारा वारा आणि प्रत्यक्ष हवामानाची माहिती आली. नंतर टर्ब्युलन्स कमी-जास्त करण्याचा पर्यायही दिला गेला. काहींना तो फार वाटतो, काहींना कमी. दोघंही खरं बोलत असावेत, आणि त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. निम्म्या गुरुत्वाचा धक्का पाव सेकंद टिकला, तर विमान तेवढ्या वेळात फक्त १५ सेंटिमीटर हलतं. तीनशे मीटर उंचीवरून दिसणाऱ्या चित्रात १५ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. शरीराला जी लाथ बसते, ती डोळ्यांना दिसतच नाही. मग प्रोग्रामर काय करणार? हादरा जाणवावा म्हणून क्षितिज हलवतो, नाक डोलवतो, पंख गरजेपेक्षा जास्त कलवतो. खुर्चीतल्या माणसाला वाटतं विमान दोरीला टांगलं आहे, आणि खऱ्या वैमानिकाला वाटतं नेमकी लाथच गायब आहे.

ही उणीव सिम्युलेटरचं कॉकपिट ज्यावर बसवतात तो हलणारा मंच भरून काढू शकतो, आणि तीही अपेक्षेपेक्षा चांगली. डी. स्ट्युअर्ट यांच्या १९६५ च्या शोधनिबंधामुळे नावारूपाला आलेला सहा पायांचा मंच लांबलचक चढ दाखवू शकत नाही. धक्क्याची सुरुवात द्यायची आणि जाणवणार नाही इतक्या हळू मधल्या जागी परत यायचं, असं त्याचं काम चालतं. अमेरिकेतल्या नासा एम्स केंद्रात तब्बल ६० फूट वरखाली जाणारा सिम्युलेटर बांधला, तो याच मर्यादेमुळे. दहा सेकंद उचलून धरणारा थर्मल छोट्या मंचाच्या आवाक्याबाहेरच राहतो. पण पाव सेकंदाचा, १५ सेंटिमीटरचा तो धक्का लहानसा मंचही देऊ शकतो, फक्त त्याच्या मोटारी चपळ हव्यात आणि चित्र मंचाच्या मागे रेंगाळता कामा नये.