सक्तीची क्षमा: मेनोनाइट कादंबऱ्यांमागचा इतिहास

बोलिव्हियातल्या सांताक्रूझ प्रांतात मॅनिटोबा नावाची वसाहत आहे, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची. घोडागाड्या, शेतीभाती, जुन्या जर्मन बोलीतले बोलणे. २००५ पासून तिथल्या बायका सकाळी उठायच्या त्या ठणकत्या डोक्याने. अंथरुणावर रक्त, अंगाला माती, काहींच्या मनगटांवर दोरीचे वळ. कोणी म्हणाले भुताटकी, कोणी म्हणाले पापाची शिक्षा. बायकांच्या मनाचे खेळ, असेही म्हणून झाले. जून २००९ मध्ये दोघे जण एका घरात शिरताना सापडले, तेव्हा उलगडा झाला. जनावरांना गुंगी देण्याच्या औषधाचा फवारा मारून अख्खे घर बेशुद्ध करायचे आणि आत शिरायचे, हे काम वसाहतीतल्याच पुरुषांचे होते. शंभरावर बायका आणि मुली त्यांना बळी पडल्या होत्या. २०११ मध्ये सात जणांना २५ वर्षांची आणि औषध पुरवणाऱ्या पशुवैद्याला १२ वर्षांची शिक्षा झाली.

कॅनडाच्या लेखिका मिरियम टेव्ज यांची ‘विमेन टॉकिंग’ ही २०१८ ची कादंबरी या घटनेतून आली. सारा पॉली यांनी २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. चित्रपट पाहिलेले बरेच जण विचारतात, या बायका सरळ उठून पोलिसांकडे का गेल्या नाहीत? त्याचे उत्तर पाचशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागते.

मेनो सिमन्स हा नेदरलँड्समधला पाद्री. १५३६ मध्ये तो कॅथलिक चर्च सोडून बाहेर पडला. बाप्तिस्मा जाणत्या वयात घ्यायचा, शस्त्र उचलायचे नाही, जगापासून वेगळे राहायचे, ही त्याच्या मंडळीची शिकवण. त्यापायी कित्येकांना जाळले, बुडवले. मग सुरू झाले स्थलांतर. आधी पोलंड-प्रशिया, १७८९ पासून रशियन साम्राज्यातला युक्रेनचा दक्षिण भाग, १८७४ पासून कॅनडातले मॅनिटोबा. तिथे शाळांत इंग्रजीची सक्ती आली, तेव्हा त्यांतले सर्वांत कर्मठ लोक १९२० च्या दशकात मेक्सिको-पराग्वेत गेले आणि पुढे बोलिव्हियात. दर मुक्कामाला बाहेरच्या जगाशी नाते आणखी तुटत गेले. बोलिव्हियातल्या या बायकांना स्पॅनिश येत नाही. पोलिसांशी बोलणार कोणत्या भाषेत?

जगाशी तुटलेल्या मंडळीत न्याय मंडळीच करते, आणि त्याचा आधार मत्तयाचा अठरावा अध्याय. अपराधी मंडळीचेही ऐकत नसेल तर त्याला परका समजा, हे त्यात आहे. त्यावरूनच १५२७ च्या श्लाइटहाइम मतांगीकारात, म्हणजे मेनोच्याही आधीच्या स्विस पूर्वसुरींच्या श्रद्धा-जाहीरनाम्यात, बहिष्काराचे कलम आले. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा, हेही त्याच अध्यायात. पण त्याच पानावर, या दोन्हींच्या आधी, आणखी एक वचन आहे: लहानांतल्या एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे, ह्यात त्याचे हित आहे. मला राहून राहून वाटते, ही सगळी कादंबरी-परंपरा म्हणजे मंडळीने गाळलेले ते वचन पुन्हा मोठ्याने वाचणे आहे. छळ सोसताना ज्या लोकांना क्षमेने तगवले, त्यांच्याच घरात क्षमा हे झाकण झाले. २००९ नंतर बायकांसाठी समुपदेशक पाठवण्याची तयारी बाहेरच्या मेनोनाइटांनी दाखवली, तेव्हा वसाहतीच्या बिशपचे म्हणणे असे की त्या वेळी त्या जाग्याच नव्हत्या, मग समुपदेशन कशाला?

हे झाकण उचलायची सुरुवात कॅनडाचे मेनोनाइट लेखक रूडी वीब यांनी १९६२ मध्ये केली. ‘पीस शॅल डिस्ट्रॉय मेनी’ ही त्यांची पहिली कादंबरी. गावचा करारी डीकन (मंडळीचा कारभारी) ब्लॉक, त्याची मुलगी एलिझाबेथ. ती लपवलेल्या बाळंतपणात मरते आणि बाप मंडळीच्या नावाखाली सगळे दडपतो. वीब तेव्हा मेनोनाइट ब्रदरन पंथाच्या साप्ताहिकाचे संपादक होते. इतका गदारोळ झाला की त्यांना ती खुर्ची सोडावी लागली.

टेव्ज कॅनडाच्या मॅनिटोबातल्या स्टाइनबाख या मेनोनाइट गावात १९६४ मध्ये जन्मल्या. २००४ च्या ‘अ कॉम्प्लिकेटेड काइंडनेस’मध्ये त्यांनी बहिष्काराने फुटलेले एक घर सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून सांगितले. ‘विमेन टॉकिंग’ मात्र सबंध गवताच्या माळ्यावर घडते. वसाहतीतले पुरुष अटकेतल्या आरोपींना जामिनावर सोडवायला शहरात गेले आहेत. ते परतले की बायकांनी क्षमा करायची, नाहीतर वसाहत सोडायची, असा हुकूम आहे. हातात दोन दिवस. आठ जणी आधी एकमेकींचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. मग वाद घालतात: काही न करणे, राहून लढणे, की निघून जाणे. वाचता येत नाही, म्हणून मतदानासाठी तीन चित्रे काढलेली. लिहिता येत नाही, म्हणून टिपणे घेणारा ऑगस्ट एप हा पुरुष. म्हाताऱ्या ग्रेटाचे दात त्या हल्ल्यात गेले, आता कवळी आहे आणि तीही नीट बसत नाही. ती आपल्या रूथ आणि शेरिल या घोड्यांची गोष्ट सांगते: कुत्रा अंगावर आला की त्या सभा भरवत नाहीत, धावत सुटतात. भीतीपोटी केलेली क्षमा देवापुढे क्षमा ठरते का, हा प्रश्न या बायका विचारतात तो श्रद्धा सोडून नव्हे, स्तोत्रे गात गात. म्हणून मी हे ख्रिस्ती साहित्यच मानते.

कादंबरीतल्या बायका शेवटी गाड्या जुंपून निघतात. बोलिव्हियातल्या मॅनिटोबातून बायका तशा एकजुटीने निघाल्या नाहीत. बहुतेक जणी तिथेच, त्याच घरांत राहिल्या.