वळवाची सर आणि गच्चीवरची डिश

वळवाची जोरदार सर आली की आधी टीव्हीवरच्या चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या होतात, मग ते गोठते आणि शेवटी ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकते. उलट आषाढातली झड दिवसभर लागली तरी मालिका बहुधा सुरळीत चालू राहतात. एकूण पाणी झडीत अधिक पडले तरी डिशला महत्त्व असते ते त्या क्षणी लहरींच्या वाटेत किती पाणी आहे आणि त्याचे थेंब केवढे आहेत, याला.

डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या सुमारे ३५,८०० किलोमीटर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर भासतो, म्हणून महाराष्ट्रातल्या त्याच्या डिशा आग्नेयेकडे तोंड करून असतात. एवढ्या अंतरात पाऊस आडवा येतो तो फक्त शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये. आपल्याकडे साधारण ५ किलोमीटर उंचीनंतर तापमान शून्याखाली जाते आणि त्यावरचे हिमकण या लहरी पाण्याच्या मानाने फारच कमी शोषतात.

या प्रक्षेपणाची वारंवारता ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. वळवाचा टपोरा थेंब ५ मिलिमीटरपर्यंत जातो. अशा थेंबावर लहर आदळली की तिची काही ऊर्जा पाण्यात उष्णता होऊन मुरते आणि काही भलत्याच दिशांना विखुरते. ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडत असेल, तर दर किलोमीटरला सुमारे ५ डेसिबल घट होते (दर १० डेसिबल घटीला सिग्नलचा दहावा हिस्सा उरतो). अशा पावसाचा पट्टा ४ किलोमीटर असला तर सिग्नलचा शंभरावा हिस्साच डिशपर्यंत पोहोचतो. केबलवाल्यांच्या मोठ्या डिशा बहुतेक ४ गिगाहर्ट्झच्या जवळपास चालतात आणि तिथे हाच पाऊस जवळजवळ जाणवत नाही. तेव्हा भर पावसात डिश हलवायला गच्चीवर चढणे निरर्थक तर आहेच, शिवाय विजांमुळे धोक्याचेही आहे.

मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. फोन आणि टॉवर यांच्यातल्या लहरी बहुतांशी साडेतीन गिगाहर्ट्झच्या आतल्या असल्याने त्यांना पावसापेक्षा काँक्रीटच्या भिंती, पत्रे आणि भिजलेली दाट झाडी अधिक नडतात. तरीही रेंज पूर्ण दिसत असताना इंटरनेट अडते, तेव्हा दोष अनेकदा पुढच्या टप्प्यात असतो. ज्या टॉवरपर्यंत फायबर पोहोचलेले नाही, तो आपली माहिती शेजारच्या टॉवरकडे गोल अँटेनांमधून पाठवतो. तिथल्या लहरी बऱ्याचदा १५ ते २३ गिगाहर्ट्झच्या असतात आणि मुसळधार पाऊस नेमका त्यांनाच गाठतो.

याच घटीवरून पाऊस मोजता येतो, हे इस्रायलमधील हागित मेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले आणि २०१३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मोबाइल टॉवरांमधल्या दुव्यांवरून साऱ्या देशाचे पर्जन्यनकाशे तयार केले. पर्जन्यमापके विरळ असतात आणि डोंगरांमुळे रडारची नजर अडते, अशा आपल्या घाटमाथ्यासारख्या भागात ही पद्धत उपयोगी पडू शकते. मात्र दोन टॉवरांमधला दुवा एका जागेचा पाऊस सांगत नाही, साऱ्या वाटेवरची सरासरी सांगतो. शिवाय अँटेनाच्या झाकणावर साचलेला पाण्याचा पातळ थरही सिग्नल खातो आणि त्याचा वाटा वजा केला नाही, तर पाऊस होता त्याहून अधिक दिसतो.