मिठामुळे कडधान्य शिजत नाही का?

राजमा किंवा हरभरे शिजवताना मीठ शेवटीच घालावे, आधी घातल्यास दाणे कडक राहतात, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वस्तुस्थिती मात्र जवळजवळ उलट आहे. दाण्याच्या सालीतील पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांनी घट्ट बांधलेले असते. भिजवण्याच्या पाण्यात मीठ असले की त्यातील सोडियम या दोन क्षारांची जागा काही प्रमाणात घेतो, बंध सैलावतात, आणि साल मऊ होऊन शिजताना कमी फाटते. एक लिटर पाण्याला सुमारे 15 ग्रॅम मीठ घालून दाणे रात्रभर भिजवावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. मिठाच्या पाण्यात दाणे जरा सावकाश फुगतात, एवढे खरे. कदाचित या समजुतीचे मूळ तिथेच असावे.

दाणे शिजत नाहीत याचे खरे दोषी वेगळेच असतात. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असे आंबट पदार्थ पेशीभित्तिका विरघळू देत नाहीत, म्हणून ते दाणा बोटांत सहज चिरडला जाऊ लागल्यावरच घालावेत. जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यातील कॅल्शियम पेक्टिनचे बंध पुन्हा आवळतो. उष्ण, दमट जागी फार दिवस साठवलेले दाणे तर काही केल्या मऊ होत नाहीत, आणि तिथे मिठाला बोल लावण्यात अर्थ नसतो. चिमूटभर खाण्याचा सोडा काम झटपट करतो, पण बेताने. जास्त झाल्यास साबणासारखी चव येते आणि थायमिन हे जीवनसत्त्वही नष्ट होते.