हॉलमार्कशिवाय घरी बनवलेले दागिने विकता येत नाहीत का?

हॉलमार्कची, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्याची, नोंदणी नसेल तर घरी बनवलेले दागिने विकणे बेकायदा ठरते, हा समज नाशिकमध्येही ऐकू येतो आणि त्यापायी उत्तम हात असलेल्या कितीतरी जणी, दुर्दैवाने, छंदाच्या पुढे जात नाहीत. वस्तुतः १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली हॉलमार्कची सक्ती सोन्याचे दागिने आणि सोन्याच्या वस्तू यांपुरती आहे. त्यातही वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या सराफांना सूट आहे. पितळी तारेत कृत्रिम मोती ओवून, मधोमध लाल खडा बसवून वळवलेली नथ या नियमात येतच नाही. मात्र तिच्यावर सोन्याचा मुलामा असेल, तर तसे पावतीवर स्पष्ट लिहावे. मुलामा दिलेला दागिना सोन्याचा म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे.